प्लास्टिकवर रंग टिकतो कसा?

मंडळी, अंगणातली प्लास्टिकची खुर्ची उन्हानं पांढुरकी पडली, की आपण घरात उरलेला ऑइलपेंट तिला फासतो. थोड्याच दिवसांत पोपडे निघतात नि आपण रंगाला नावं ठेवतो. पण लाकूड रंग पितं, प्लास्टिक पीत नाही, हे आपण विसरतो.

म्हणून रंग आणण्यापूर्वी वस्तू उलटी करून पाहा. त्रिकोणात २, ४ किंवा ५ हा आकडा असेल, तर ती पॉलिथिलीन वा पॉलिप्रॉपिलीनची. बादल्या, खुर्च्या बहुधा याच जातीच्या. त्यांचं अंग मेणासारखं असतं, म्हणून साधा रंग धरत नाही. त्यांना आधी याच प्लास्टिकसाठी असलेला प्रायमर लागतो.

साबणानं धुवा, वाळवा, बारीक पॉलिशपेपरनं पांढुरका थर घासून काढा, पुसून घ्या. मग प्रायमर नि त्यावर प्लास्टिकला चालणाऱ्या रंगाचे दोन पातळ हात. आधी कोपऱ्यावर करून पाहा. पुरता वाळल्यावर चिकटपट्टी लावून ओढा. रंग निघाला नाही, तरच पुढं चला.

गुरुजी, शाळेतली खुर्ची तडकली असेल, तर मात्र रंगवू नका. रंगानं ताकद येत नाही. तडा तेवढा झाकला जातो नि बसणारा पडतो. पिण्याच्या पाण्याचं भांडंही आतून रंगवू नये.