सेवाभाव आणि सावधपणा

धर्मादाय संस्थेत राहणारे मूल सुरक्षितच असणार, असा आपला समज असतो. गोव्यातील एका खटल्याने तो खोटा ठरविला. मडगावात फ्रेडी पीट्स हा इसम निराधार मुलांसाठी ‘गुरुकुल’ नावाचे आश्रयस्थान चालवीत असे. १९९१ मध्ये त्याला अटक झाली आणि तेथील मुलांचा लैंगिक छळ उघडकीस आला. १९९६ मध्ये न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली.

असे का घडू शकते? अशा संस्थेतील मूल अन्नवस्त्रासाठी चालकावरच अवलंबून असते. मग त्याने तक्रार करायची ती कोणाकडे? शिवाय चालकाची ख्याती दानशूर म्हणून झाली, की मुलाच्या शब्दाला किंमत उरत नाही.

म्हणूनच मुलांचे रक्षण कोणाच्या भलेपणावर न सोडता नियमांनी बांधावे लागते. कार्यकर्ता नेमण्यापूर्वी त्याची चौकशी व्हावी. कोणाही प्रौढाने बंद खोलीत मुलाबरोबर एकटे राहू नये. मुलाला बाहेरच्या विश्वासू व्यक्तीशी मोकळेपणाने बोलता यावे.

२०१२ च्या ‘पोक्सो’ कायद्यानुसार असा गुन्हा कळताच पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळविणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘संस्थेची बदनामी नको’ म्हणून प्रकरण आतल्या आत मिटविणे हाही गुन्हाच होय.

राष्ट्रीय सेवा योजनेतून बालगृहांत जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानी ठेवावे. प्रामाणिक सेवकाला या नियमांचा जाच वाटण्याचे कारण नाही.