चंद्रावरचा पाणाड्या

विहीर कोठे खणावी हे सांगणाऱ्यास आपल्याकडे पाणाड्या म्हणतात. तो शेतातून हिंडतो, एखाद्या जागी थबकतो आणि म्हणतो, "येथे पाणी आहे." परंतु शेतकऱ्याचा जीव भांड्यात पडतो तो कुदळ ओल्या मुरुमात रुतली म्हणजेच. चंद्रावरील पाण्याच्या बाबतीत शास्त्रज्ञांची अवस्था आज अशीच आहे. पाणी असल्याची साक्ष देणारे पुष्कळ झाले. कुदळ अद्याप लागावयाची आहे.

अमेरिकन चांद्रवीरांनी १९६९ पासून आणलेले खडक तपासले तेव्हा ते अगदी ठणठणीत कोरडे वाटले. पण त्यापूर्वीच, १९६१ मध्ये, वॉटसन, मरे व ब्राउन या तिघांनी एक तर्क मांडला होता. चंद्राचा आस अवघा दीड अंश कललेला आहे. त्यामुळे ध्रुवांजवळच्या काही खोल विवरांच्या तळाशी सूर्यकिरण कधीच पोचत नाहीत. तेथे भटकत आलेली पाण्याची वाफ एकदा गोठली की कोट्यवधी वर्षे तशीच राहावयाची. पुढे २००९ मध्ये अशा काही विवरांचे तापमान मोजले गेले, तेव्हा ते शून्याखाली २३० अंशांहूनही अधिक उतरलेले आढळले. त्याच वर्षी, आपल्या चंद्रयान-१ वरील एका अमेरिकन उपकरणाने टिपलेल्या परावर्तित प्रकाशात पाण्याच्या रेणूंची खूण सापडली. ९ ऑक्टोबर २००९ रोजी केबियस नावाच्या विवरात अग्निबाणाचा रिकामा भाग मुद्दाम आदळविण्यात आला. उडालेल्या धुळीत शेकडा पाच-सहा भाग पाणी असावे असा अंदाज निघाला.

मग शंका उरली कोठे? केबियसचा आकडा एका जागेचा, आणि वरून फिरणाऱ्या यानाची नजर काही कोसांचा मुलूख एकदम पाहते. बर्फ मातीत कणाकणाने विखुरलेला आहे की दगडासारखा घट्ट थर आहे, बोटभर खाली आहे की पुरुषभर, हे तेथून कसे कळावे? उद्या चंद्रावर तळ ठोकावयाचा, तेथेच प्यावयाचे पाणी, श्वासासाठी प्राणवायू आणि अग्निबाणाचे इंधन मिळवावयाचे, तर या प्रश्नांची उत्तरे हवीतच. त्यासाठी जमिनीवरून फिरणारी गाडी, म्हणजे रोव्हर, पाहिजे.

या पाणाड्याच्या हातातील कडुनिंबाची फांदी म्हणजे न्यूट्रॉन मोजणारे यंत्र. विश्वकिरण चंद्राच्या मातीवर आदळले की तीतून न्यूट्रॉन उसळतात. गोटी मोठ्या धोंड्यावर मारली तर ती जवळजवळ त्याच वेगाने परत येते. पण तेवढ्याच दुसऱ्या गोटीवर नेमकी मारली तर जागीच थबकते. न्यूट्रॉनला आपल्या तोडीची गोटी भेटते ती हायड्रोजनच्या अणूची. म्हणून जेथून वेगवान न्यूट्रॉन कमी येतील तेथे हायड्रोजन आहे, आणि बहुधा पाणी आहे. 'बहुधा' हा शब्द काढून टाकावयाचा तर खणलेच पाहिजे.

पण गाडी चालते सूर्याच्या उन्हावर, आणि बर्फ आहे ऊन नसलेल्या जागी. खरी अडचण ही. काळोखात शिरावयाचे ते विजेच्या साठ्यावर, आणि तो संपण्याच्या आत उजेडात परतावयाचे.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ उतरले ते दक्षिणेस सुमारे ६९ अक्षांशांवर. ध्रुवाच्या काळोखापासून अजून पुष्कळ दूर. त्यातील २६ किलोग्रॅमची 'प्रज्ञान' गाडी सुमारे शंभर मीटर चालली. वाटेत चार मीटर व्यासाचे विवर आडवे आले, तेव्हा ती मुकाट्याने मागे वळली. तिने मातीत गंधक असल्याचे प्रत्यक्ष दाखविले, पण पाणी शोधणे हे तिचे काम नव्हते. सप्टेंबरात चांद्ररात्र सुरू होण्यापूर्वी तिला निजविण्यात आले. ती पुन्हा जागी झाली नाही.

मला मात्र त्या मोहिमेतील अधिक मोलाची वस्तू वाटते ती 'विक्रम' यानाने मातीत दहा सेंटिमीटर खुपसलेला तापमापक. वर माती हात पोळेल इतकी तापलेली असता अवघ्या आठ सेंटिमीटरांखाली तापमान शून्याखाली दहा अंशांच्या सुमारास होते. चंद्राची माती इतकी उत्तम गोधडी आहे! या मोजमापांवरून २०२५ मध्ये अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले की, अशा अक्षांशांवरही सूर्याकडे पाठ फिरविलेल्या, चौदा अंशांहून अधिक उताराच्या जागी थोड्याच खोलीवर बर्फ टिकू शकेल. तसे असेल तर पाणाड्याला अगदी काळोखात शिरण्याची गरज नाही.

अमेरिकेची 'वायपर' ही गाडी खास या शोधासाठी बांधलेली. तिला एक मीटर खोल जाणारा गिरमिट आहे, आणि काळोखात वाट दिसावी म्हणून दिवेही. खर्च वाढला म्हणून जुलै २०२४ मध्ये तिची मोहीम रद्द झाली. बांधून तयार झालेली गाडी अडगळीत जाणार असे वाटले. सप्टेंबर २०२५ मध्ये ती २०२७ च्या अखेरीस खासगी यानातून पाठविण्याचे ठरले. भारत सरकारने मार्च २०२५ मध्ये मंजूर केलेल्या चंद्रयान-५ मोहिमेत यान आपले आणि गाडी जपानची आहे. तिचा गिरमिट दीड मीटर खोल जावा अशी योजना आहे.