दारातला नाद

नव्या मोटारीतील कारखान्याने बसवलेला स्टिरिओ बदलून घेणारी माणसे नेमके काय पदरात पाडून घेतात, याचा तपास करावा, या संपादकांच्या सूचनेवरून मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर गेलो, तेव्हा हा विषय मोठ्या पडद्याच्या डेकचा आहे अशीच माझी समजूत होती. परंतु मागल्या गल्लीत, मोटारीच्या उघड्या दारासमोर पाट टाकून बसलेल्या एका प्रौढ फिटरने ती अर्ध्या तासातच निकालात काढली.

इतिहासाचा तपशील थोडका आहे. १९३० साली शिकागोच्या गॅल्व्हिन कंपनीने मोटारीचा रेडिओ विक्रीस आणून त्यास मोटोरोला हे नाव दिले. पुढे जर्मन प्रमाणाने ठरवलेली सुमारे १८० बाय ५० मिलिमीटरची ‘डिन’ खाच सर्वत्र रूढ झाली आणि जुना टेप उपसून नवा सरकवण्याचा धंदा तिच्याच आधारावर वाढला.

डेकच्या खोक्यावरील ‘५० गुणिले ४’ या वॉटच्या आकड्याविषयी मी फिटरला विचारले. इंजिन चालू असता मिळणाऱ्या १४.४ व्होल्टांवर, ४ ओहमच्या स्पीकरला, डेकच्या पोटातील चिप शुद्ध स्वराचे फार तर २५ वॉट देऊ शकते आणि प्रत्यक्षात त्याहूनही कमी. ५० हा आकडा लहरीचा माथा पुरता सपाट होईपर्यंत ताणल्यावरचा, म्हणजे ऐकण्याच्या दृष्टीने निरुपयोगी. “साहेब, डेक नंतर बघू. आधी दार,” एवढेच तो म्हणाला.

त्या दारापाशी मी दोन तास बसलो. लोखंडी अवजार न लावता, प्लॅस्टिकच्या पट्टीने एकेक क्लिप सोडवीत त्याने पॅनल उतरवले, पाणी अडवणारा पातळ कागद सोलला आणि आतल्या पत्र्यातील, काचेच्या यंत्रासाठी ठेवलेली, हात जाईल एवढाली भोके दाखवली. स्पीकरचा शंकू पुढे सरकताना समोरची हवा दाबतो, त्याच क्षणी पाठीमागची विरळ करतो. या दोन लहरी त्या भोकांवाटे एकमेकींना भेटल्या की खर्जाचा स्वर जन्मतःच नाहीसा होतो, मग स्पीकर कितीही मोलाचा असो. तंबोऱ्याचा भोपळा निवडताना मिरजेचे कारागीर जी चिकाटी दाखवतात, तिचीच मला येथे आठवण झाली. त्याने बाहेरचा पत्रा स्पिरिटने पुसला, ब्यूटाइलचे जाड तुकडे रुळाने दाबून बसवले, बोटाच्या पेराने ठोकून ‘टण’चा ‘ठप’ झाल्याची खात्री केली आणि मगच आतली भोके बुजवली. मात्र दाराच्या तळाची छिद्रे त्याने कटाक्षाने मोकळी राखली, कारण काचेच्या फटीतून आत उतरणारे पावसाचे पाणी तेथूनच वाहून जाते, आणि ती वाट बुजली तर दोन-चार पावसाळ्यांत दार गंजते.

एवढ्या जाणत्या हातांवर आज जे संकट आले आहे, त्याची मला मनापासून चिंता वाटते. पुष्कळशा नव्या मोटारींतून ‘डिन’ खाचच उरलेली नाही. पडदा हाच मागल्या कॅमेऱ्याचा, कुठे वातानुकूलनाचाही मालक, आणि बॉश कंपनीने १९८६ साली जगापुढे मांडलेल्या ‘कॅन’ या दोन तारांच्या संदेशवाहिनीवर तो इतर यंत्रणांशी बोलत असतो, तेव्हा त्याला हलवणे म्हणजे साऱ्या दप्तरालाच हात घालणे. तो जागच्या जागी ठेवून त्याच्या स्पीकरच्या तारांवरून नवा अॅम्प चालवावा, तर कित्येक गाड्यांत आवाज वाढवताच लहान शंकूंच्या बचावासाठी खर्ज आपोआप घटवला जातो, आणि तो कापलेला स्वरच अॅम्पच्या वाट्यास येतो. त्याची भरपाई करणारे प्रोसेसर मिळतात, पण ते मापन-यंत्र लावून जुळवणारे हात थोडे. शिवाय मूळ तार कापली, की त्या भागाची हमी नाकारण्यास कंपनीला सबब मिळते.

संध्याकाळी एक तरुण आठ दिवसांची मोटार घेऊन आला. अॅम्प आजच हवा, तार कापली तरी चालेल, असा त्याचा हट्ट होता. फिटरने नकार दिला. “तार न कापता जोडायचा कपलर मागवतो, पुढच्या आठवड्यात या. आज पाहिजे तर पुढची दोन दारं करून देतो.” तरुण थोडा वेळ घुटमळला, मग त्याने किल्ली पुढे केली, आणि फिटरने पाट उचलून नव्या दारासमोर नेला.