मोरीचे पाणी आणि अदृश्य किरण

माळव्यातील धार व देवास ही नावे मराठी माणसास परकी नाहीत. पवार घराण्याच्या राजवटीमुळे तेथे मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. पावलोपावली पाणी मिळणारा मुलूख अशी माळव्याची एके काळी ख्याती होती. परंतु कूपनलिका वाढल्या, जमिनीखालचा साठा उपसला गेला आणि १९९० साली देवास शहरास आगगाडीने पाणी पोचवावे लागले. ज्या प्रांतावर अशी पाळी आली, तेथे आंघोळीचे व धुण्याचे पाणी एकदाच वापरून सोडून द्यावे काय, हा प्रश्न उभा राहणे साहजिकच होते.

या प्रश्नाचे एक उत्तर धार जिल्ह्यात मिळाले. धार व झाबुआ या आदिवासी भागांतील आश्रमशाळांत मुले-मुली वस्तीला राहतात. पाण्याअभावी शौचकूप बांधूनही वापरता येत नसत आणि याचा जाच मुलींना अधिक होई. नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे ‘नीरी’, आणि युनिसेफ यांनी तेथे न्हाणीघराचे पाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्याची योजना राबविली. पाणी प्रथम टाकीत स्थिर करावयाचे, मग खडीच्या व वाळूच्या थरांतून गाळावयाचे, शेवटी रोगजंतूंसाठी क्लोरीन घालावयाचे, असा तो क्रम होता. हे पाणी शौचकूपात व बागेस वापरण्यात आले. २००७ साली या कामाची मार्गदर्शक पुस्तिका निघाली. खर्चापेक्षा लाभ अधिक, असा निष्कर्ष पुढे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडण्यात आला.

आता पुष्कळ घरी असा विचार निघतो की, एवढा खटाटोप कशाला? पिण्याच्या पाण्यासाठी विजेच्या दिव्याचे यंत्र मिळते, तेच मोरीच्या पाण्यास लावावे. हा दिवा जंबुपार किरणांचा असतो. त्यांनाच हल्ली अतिनील किरण म्हणतात. हे किरण डोळ्यांस दिसत नाहीत. ते रोगजंतूच्या पेशीत शिरून तिच्यातील आनुवंशिक द्रव्य बिघडवितात. मग त्या जंतूची वाढ खुंटते व तो रोग पसरवू शकत नाही. सूर्यप्रकाशाने जंतू मरतात हे १८७७ साली डाउन्स व ब्लंट या इंग्रज संशोधकांनी दाखविले. मुंबईत जन्मलेले शास्त्रज्ञ डॉ. अशोक गाडगीळ यांनी १९९३ च्या पटकीच्या साथीनंतर अमेरिकेत याच तत्त्वावर गरीब वस्त्यांसाठी स्वस्त यंत्र तयार केले. त्यात पाणी दिव्याखालून वाहते आणि साधारण एका विजेच्या बल्बाएवढी वीज पुरते.

तथापि ते यंत्र पिण्याजोग्या, स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यासाठी आहे, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे. किरण जंतूंचा नाश करतात. साबण, तेलकटपणा, मळ यांस ते बाहेर काढीत नाहीत. उलट पाणी गढूळ असले, तर मळाच्या कणाआड जंतू दडून बसतात आणि किरण त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीत. दिव्याभोवतीच्या काचेवर साबणाचा थर बसला, तरी तोच परिणाम होतो. दिवा जळताना दिसतो, घरच्यांस पाणी निर्धोक वाटते, आणि त्याच भरवशावर एखादे तान्हे मूल जुलाबांनी आजारी पडू शकते. म्हणून गाळणे आधी व दिवा शेवटी, हा क्रम मोडता येत नाही.

किरणांनी मळाचेही विघटन करण्याची एक रीत आहे. टायटॅनियम डायऑक्साइड ही पांढरी भुकटी रंगात वापरतात. तिच्यावर जंबुपार किरण पडले की पाण्यात अतिशय तीव्र द्रव्ये निर्माण होतात व ती साबणाचे अंश फोडतात. परंतु भुकटी पाण्यातून पुन्हा वेगळी करावी लागते, आणि ही रीत खेड्यातील घराच्या आवाक्यातील नाही.

मग गृहिणीने काय करावे? आपल्या आजीने मोरीच्या पन्हळीपाशी अळू व केळी लावली, त्यात शहाणपण होते. तेच थोडे नेटके करावे. न्हाणीचे व शेवटच्या खळबळीचे पाणी घ्यावे. खरकट्याचे तेलकट पाणी, बाळाची दुपटी व आजाऱ्याचे कपडे धुतलेले पाणी निराळे सोडावे. घेतलेले पाणी फडक्यातून गाळून एका पिंपात स्थिर होऊ द्यावे, आणि खाली खडी व वर वाळू घातलेल्या दुसऱ्या पिंपातून काढावे. वाळूचा वरचा थर अधूनमधून खरवडून धुवावा. पाणी त्याच दिवशी वापरावे, कारण साठविल्यास त्याला घाण येते. केळी, नारळ व फुलझाडे यांच्या मुळांशी ते द्यावे. कच्च्या खाण्याच्या भाजीवर शिंपडू नये. पिण्याच्या नळाशी त्याची जोडणी कधीही करू नये, आणि पिंपावर खूण करून ठेवावी, म्हणजे मुले चुकून तोंड लावणार नाहीत.

एखाद्या शाळेने वा वसतिगृहाने या गाळणीनंतर दिवा बसविला, तर तो उपयोगी पडेल. मात्र त्याची काच वेळोवेळी पुसावी, आणि उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत दिवा बदलावा; उजेड दिसत असला तरी किरणांचे बळ कमी होत जाते. उघड्या दिव्याकडे पाहू नये. त्याने डोळ्यांस व कातडीस इजा होते. किरणांचा गुण पाण्यात मागे राहत नाही, म्हणून शुद्ध केलेले पाणी झाकून ठेवावे.

धारच्या शाळांत खडी, वाळू व क्लोरीन एवढ्यावर काम भागले. ज्या घरी दिव्यासाठी पैसे बाजूस काढले असतील, त्यांनी आधी दोन पिंपे व वाळू आणावी, अशी आमची सूचना आहे. उन्हाळ्यात त्या घरच्या बाईची विहिरीकडची एखादी खेप तरी वाचेल.