गुळगुळीत बिंदूच्या पोटांत

भूमिति म्हणजे त्रिकोण व वर्तुळें, अशी पुष्कळांची शाळेपासूनची समजूत असते. परंतु बीजगणिताच्या समीकरणांतून उत्पन्न होणाऱ्या आकृतींचीहि एक भूमिति आहे, आणि तींतील एक प्रश्न मोठा मनोरंजक आहे. आकृतीचा एखादा भाग आकसून एका बिंदूंत लोपला, तर नुसता तो बिंदु पाहून काय लोपलें हें सांगतां येईल काय?

प्रथम उलट क्रिया पाहूं. कागदावरील एका बिंदूंतून जाणाऱ्या सर्व रेषा मनांत आणाव्या. त्या बिंदूच्या जागीं त्या सर्व दिशांची मिळून एक नवी रेषा बसविली, म्हणजे तेथें दाटलेल्या रेषा सुट्या होतात. यास बिंदूचें ‘स्फोटन’ म्हणूं; ती नवी रेषा पुन्हां बिंदूंत मिटविणें हें ‘संकोचन’. गुळगुळीत पृष्ठावरील एक रेषा मिटवून पुन्हां गुळगुळीतच पृष्ठ मिळालें, तर तें संकोचन याच एका प्रकारचें असतें.

घनाकृतींत एक सबंध पृष्ठ मिटतें, आणि तेथें हा सरळपणा टिकत नाहीं. १९८२ सालीं जपानचे शिगेफुमी मोरी यांनीं गुळगुळीत घनाकृतींतील अशा मूलभूत संकोचनांचे पांचच प्रकार आहेत असें सिद्ध केलें. एकांत पृष्ठ वक्ररेषेंत मिटतें, चारांत बिंदूंत. आणि त्या चारांपैकीं तिहींत उरलेला बिंदु सदोष असतो. उदाहरणार्थ, आरंभबिंदूच्या दोन बाजूंस समोरासमोर असणारे बिंदु एकच मानले असतां आरंभबिंदूपाशीं जो दोष येतो, तो यांपैकींच एक. असे सौम्य दोष बहिष्कृत केले तर पुढील वाटच खुंटते. म्हणून ते पदरीं घ्यावे लागले. मोरी यांस १९९० सालीं फील्ड्स पदक मिळालें.

मात्र दोष पदरीं घेतांच हिशेब वाढला. स्फोटनांत सरळ रेषांऐवजीं वक्र वाटा घ्याव्या: पहिलें अंतर जसें वाढेल, तसें दुसरें त्याच्या वर्गाच्या व तिसरें घनाच्या प्रमाणांत. १, २, ३ अशा ‘भारां’च्या या स्फोटनानें गुळगुळीत बिंदूच्या जागीं जें पृष्ठ येतें, त्यावर दोन सदोष बिंदु असतात! भार बदलून अशीं अनंत संकोचनें रचतां येतात. परंतु यांवांचून दुसरें कांहींच नाहीं, हें कसें म्हणावें?

२००१ सालीं मासायुकी कावाकिता यांनीं तें सिद्ध केलें. सौम्य दोषांच्या घनाकृतींतील एकच पृष्ठ गुळगुळीत बिंदूंत मिटत असेल, तर योग्य निर्देशांक घेतल्यास भार १, अ, ब असेच असतात, व अ आणि ब यांस १ वांचून सामाईक विभाजक नसतो. तो असता तर दोष सबंध रेषेवर पसरता.

यांतील मौज पाहावी. वरील समोरासमोरच्या बिंदूंच्या दोषांत, युजिरो कावामाता यांच्या सिद्धांताप्रमाणें, असें एकच संकोचन संभवतें. ज्या बिंदूवर व्रण दिसतो, त्याची हकीकत एका वाक्यांत संपते. जो निर्दोष दिसतो, त्याच्या पोटांत मात्र अनंत हकीकती असूं शकतात.