प्रकाशाची वाटी, अणूची गोटी

साहित्याची विद्यार्थिनी अणूंवर का लिहितेय, असं वाटेल. पण मी पांडेसऱ्यात राहते. लूमवर शेकडो धागे एकमेकांत न गुंतता ओळीत कसे राहतात, हे लहानपणापासून पाहतेय. अणूंनाही असंच ओळीत ठेवता येतं, आणि तेही प्रकाशाने!

अडचण अशी की उदासीन अणूवर विद्युतभार नसतो, त्यामुळे विजेच्या बळाने तो सहज धरता येत नाही. शिवाय खोलीच्या तापमानाला रुबिडियमचा अणू सेकंदाला 250 मीटरहून जास्त वेगाने धावतो. म्हणून आधी लेसरनेच त्याला थंड, म्हणजे संथ करतात. मग दुसऱ्या लेसरची वारंवारता अणूच्या स्वतःच्या वारंवारतेपेक्षा कमी ठेवली, की तो प्रखर प्रकाशाकडे ओढला जातो. गोटी वाटीच्या तळाशी जाते तसा.

काचेच्या एकाच पट्टीवर जितकी सूक्ष्म भिंगं, तितक्या वाट्या. जर्मनीत हॅनोव्हर विद्यापीठात 2002 साली हे करून दाखवलं गेलं. शेजारच्या दोन भिंगांत अंतर होतं मिलिमीटरचा आठवा भाग! दंडगोलाकार भिंग घेतलं, तर वाटीऐवजी पन्हळ तयार होते आणि अणू तिच्यातून सरकतो.

वाटी मात्र उथळ. हवेचा एखादा रेणू धडकला तरी अणू निसटतो, म्हणून सगळं निर्वात पेटीत चालतं.

मग एवढा खटाटोप कशाला? सारख्याच भाराचे कण एकमेकांना दूर ढकलतात. उदासीन अणू शेजारी शेजारी शांत बसतात. धरायला अवघड, पण शेजाराला चांगले! म्हणूनच क्वांटम संगणकासाठी त्यांच्याकडे आशेने पाहिलं जातं. आपल्या पुण्याच्या आयसरमध्येही अतिशीत अणूंवर प्रयोग होतात.