ध्येय ठरवून बोलणं

2012 साली मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने ‘आयकॉल’ ही समुपदेशन सेवा सुरू केली, तेव्हा फोनवर किंवा ईमेलवर समुपदेशन ही कल्पना बहुतेक घरांत कोणाच्या ध्यानीमनीही नव्हती. नवरा-बायकोचं बिनसलं की थोरली मंडळी मध्ये पडत, आणि उदास माणसाला ‘मन रमव कशात तरी’ एवढाच सल्ला मिळे.

पुढे 25 मार्च 2020 ला टाळेबंदी लागली. त्याच तारखेला केंद्राची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वंही आली. ती डॉक्टरांसाठी होती, पण समुपदेशकांनाही पडद्याकडे वळण्यावाचून पर्याय नव्हता. खरी अडचण निघाली ती जागेची. वन रूम किचनमध्ये सासू-सासरे, मुलांची ऑनलाइन शाळा आणि ज्याच्याबद्दल बोलायचं तो माणूस, सगळे हाताच्या अंतरावर. लोक गच्चीवर गेले, जिन्यात बसले, सोसायटीच्या आवारात उभ्या असलेल्या गाडीत काचा वर करून बोलले. ‘आत्ता मोकळेपणी बोलता येईल ना?’ हा तेव्हा समुपदेशकाचा पहिला प्रश्न झाला. तो आजही पहिलाच असायला हवा.

या काळात एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. पडद्यावरचं समुपदेशन ध्येयामुळे तगतं. ध्येय ठरलेलं नसलं तर दर आठवड्याला तीच गाऱ्हाणी निघतात. बोलून हलकं वाटतं आणि लॅपटॉप मिटला की घर जिथल्या तिथे. स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग यांनी अमेरिकेत मिलवॉकी इथे उत्तरकेंद्री पद्धत घडवली, ती 1970च्या दशकाच्या अखेरीपासून. ‘शून्य ते दहामध्ये आज तुम्ही कुठे आहात, आणि एक पायरी वर गेलात तर काय वेगळं दिसेल?’ हा त्यांच्या पद्धतीतला प्रश्न पडद्यावर फार चांगला चालतो.

जोडप्यांच्या बाबतीत मात्र निम्मी मेहनत ध्येय ठरवण्यातच जाते. ‘त्याने सुधारावं’ हे ध्येय होत नाही. ती मागणी झाली. ती खाली उतरवत उतरवत अशी येते: आठवड्यातून तीन रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटं फोन बाजूला ठेवून बोलायचं, आणि त्या वेळात माहेर-सासरचा विषय काढायचा नाही. दिसायला क्षुल्लक. पण पुढच्या सेशनला ‘जमलं का? किती वेळा?’ असं विचारता येतं, आणि नाही जमलं तर कुठे अडलं यावर बोलता येतं. नवरा ऑनसाइट परदेशात आणि बायको पुण्यात असली, तरी दोघं आणि समुपदेशक अशा तीन चौकटींत हे काम होऊ शकतं. ही सोय पूर्वी कुठे होती?

उदासीवर अशा कामाचा उपयोग होतो याचा भक्कम पुरावा आपल्या शेजारी, गोव्यात उभा राहिला. ‘संगाथ’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिकांकडून सहा ते आठ सत्रांचा कार्यक्रम राबवला, आणि त्याचे चांगले निष्कर्ष 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. तो समोरासमोर झाला होता, ऑनलाइन नव्हे. पण त्याचा गाभा फोनवरही नेता येतो. उत्साह यायची वाट पाहायची नाही; आधी कृती, मग मन. संध्याकाळी कोपऱ्यापर्यंत चालून यायचं, बंद पडलेलं एखादं काम पुन्हा हाती घ्यायचं, आणि त्याआधी-नंतर मन कसं होतं ते टिपून ठेवायचं.

10 ऑक्टोबर 2022 ला ‘टेली-मानस’ ही हेल्पलाइन आली. 14416 वर फोन केला की पैसे न मोजता मराठीत बोलता येतं. हेल्पलाइन कठीण रात्र निभावून नेते. सलग सत्रांचं काम वेगळं. दोन्हींची गल्लत होते, आणि एका फोनने संसार सावरला नाही म्हणून लोक नाराज होतात.

जिथे मारहाण किंवा धाक आहे, तिथे ‘दोघांनी मिळून ध्येय ठरवू’ म्हणणं मला सरळ धोक्याचं वाटतं. कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर कोण उभं आहे ते समुपदेशकाला दिसत नाही. तिथे आधी धाकाखालच्या बाईशी एकटीशी बोलायचं आणि तिची सुरक्षितता पाहायची. दुसरी काळजी पात्रतेची. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते, आणि 2021 च्या कायद्याने वर्तन-आरोग्याच्या इतर व्यावसायिकांनाही नियमनाच्या कक्षेत घेतलं. तरी जाहिरात पाहून पैसे भरण्याआधी शिक्षण कुठे झालं, देखरेख कोणाची आणि आपलं बोलणं रेकॉर्ड होतं का, हे तीन प्रश्न विचारून घ्यावेत. चांगला समुपदेशक त्याने दुखावत नाही.